ऑनलाइन प्रचार-जाहिरातीचे पूर्वप्रमाणीकरण : माझा अनुभव

२०२४ च्या विधानसभा निवडणुकीत एका अपक्ष उमेदवाराच्या समाजमाध्यमांवरील प्रचाराची जबाबदारी माझ्याकडे होती. चित्रफीत तयार करणे तुलनेने सोपे गेले. ती पैसे भरून लोकांपर्यंत पोहोचवण्याची परवानगी मिळवताना मात्र जो मनस्ताप झाला, तो अजून पुरता ओसरलेला नाही. निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ च्या सूचनांद्वारे समाजमाध्यमांवरील राजकीय जाहिरातींनाही पूर्वप्रमाणीकरणाची अट घातली. त्यामुळे माध्यम प्रमाणीकरण व सनियंत्रण समितीचे, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या ‘एमसीएमसी’चे, प्रमाणपत्र मिळाल्याशिवाय अशी जाहिरात सुरू करता येत नाही. उमेदवाराने स्वतःच्या खात्यावर टाकलेल्या मजकुराला वा चित्रफितीला हे प्रमाणपत्र लागत नाही. तीच चित्रफीत पैसे भरून ‘बूस्ट’ करायची म्हटली की अर्ज करावा लागतो.

अपक्षांची खरी कोंडी वेळेची असते. चिन्हवाटप माघारीची मुदत संपल्यावर होते आणि ती मुदत ४ नोव्हेंबरला संपली. मतदान २० तारखेला असल्याने १८ नोव्हेंबरच्या सायंकाळी सहापासून प्रचार बंद होणार होता. उमेदवाराने जाहिरात सुरू करण्याच्या किमान तीन दिवस आधी अर्ज द्यावा लागतो (नोंदणी नसलेला पक्ष किंवा त्रयस्थ व्यक्ती असेल तर सात दिवस आधी), हे लक्षात घेतले की हाती उरणारे दिवस किती थोडे आहेत ते कळते. म्हणून चिन्हाची जागा मोकळी ठेवून बाकी सर्व चित्रफीत आम्ही दिवाळीपूर्वीच तयार केली होती. जाहिरात घेणाऱ्या माध्यमाकडून होणारी जाहिरातदाराची ओळख-पडताळणीही तेव्हाच उरकली, कारण तिला चिन्हाची गरज नसते.

घोडे अडले ते अर्जाच्या नमुन्यातील एका रकान्यावर. जाहिरात किती वेळा दाखवणार आणि प्रत्येक वेळेचा दर किती, अशी फोड तेथे मागितली आहे. पूर्वप्रमाणीकरणाची ही पद्धत सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २००४ च्या आदेशातून आली, तीही दूरचित्रवाणी आणि केबल वाहिन्यांसाठी, आणि वाहिनीच्या दृष्टीने हा प्रश्न रास्तच आहे : अमुक वेळेत इतके स्पॉट, प्रत्येकाचा दर इतका. ऑनलाइन जाहिरातीत मात्र दर आधी ठरलेला नसतो. एखाद्या व्यक्तीच्या पडद्यावर रिकामी जागा निर्माण होते त्या क्षणी तिच्यासाठी जाहिरातदारांमध्ये आपोआप लिलाव होतो आणि त्यातून किंमत निघते. आपण फक्त दिवसाची किंवा एकूण खर्चाची कमाल मर्यादा ठरवू शकतो.

हे सर्व मी अर्ज स्वीकारणाऱ्या कर्मचाऱ्यांना समजावून सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि रकाना रिकामा असल्याने अर्ज घेता येणार नाही असे सांगितले. ‘लिलावानुसार’ असे लिहून दिले, तर आकडा हवा म्हणाले. अंदाजे आकडा लिहिला, तर दरपत्रक जोडा म्हणाले. जे दरपत्रक जगात अस्तित्वातच नाही ते आणायचे कोठून, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हते, आणि माझा आवाज चढल्यानेही काही साधले नाही. समितीने जाहिरात नाकारली असती तर राज्यस्तरीय समितीकडे अपील करता आले असते. अर्ज दाखलच झाला नाही, तर अपील करायचे कशाविरुद्ध? म्हणून अशा वेळी तोंडी नकार ऐकून परत फिरू नये, आवक क्रमांक किंवा लेखी त्रुटीपत्र यांपैकी एक मागावेच. मी त्रुटीपत्र मागितल्यानंतरच विषय वरिष्ठांपर्यंत गेला.

वरिष्ठ अधिकाऱ्यांनी काढलेला तोडगा साधा होता. एकूण खर्चाची कमाल मर्यादा ठळक लिहायची, ‘किती वेळा’च्या जागी जाहिरात दिसण्याची अंदाजित संख्या आणि दराच्या जागी हजार वेळा दिसण्यामागचा अंदाजित खर्च द्यायचा, माध्यमाने दाखवलेल्या अंदाजाचे मुद्रित पान दरपत्रकाऐवजी जोडायचे, आणि किंमत लिलावाने ठरते, तरीही मर्यादा ओलांडली जाणार नाही, असे उमेदवाराच्या सहीचे निवेदन द्यायचे. अर्ज दाखल झाला तेव्हा मला जिंकल्यासारखे वाटले, हे मान्य करतो.

त्याच नमुन्यात सर्व रक्कम धनादेशाने किंवा डिमांड ड्राफ्टने देऊ, असेही लिहून द्यावे लागते आणि आम्ही निवडलेले माध्यम तर धनादेश घेतच नव्हते. उमेदवाराच्या निवडणूक खर्चाच्या स्वतंत्र बँक खात्यातून एका जाहिरात संस्थेला धनादेश दिला आणि पुढचा भरणा तिने केला. संस्थेचे बिल आणि माध्यमाचे मूळ बिल दोन्ही जपून ठेवावीत; एकावर भागत नाही.

जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित संहिता (जाहिरातीतील शब्दांची लेखी प्रत) अर्जासोबत लागते, हे सांगायचे राहिले. संहितेत पडद्यावर उमटणारी अक्षरेही उतरवावीत, केवळ बोललेले शब्द पुरत नाहीत. उभी आणि आडवी, लांब आणि छोटी, अशा जितक्या आवृत्त्या चालवायच्या असतील तितक्या एकदमच सादर कराव्यात, कारण प्रमाणपत्र सादर केलेल्या जाहिरातीचे असते; नंतर कापून छोटी केलेली चित्रफीत त्याच कागदावर चालवण्याचा मोह टाळलेला बरा.

प्रमाणपत्र आल्यावर जाहिरात विनातक्रार चालली. निकालानंतर तीस दिवसांत द्यायच्या खर्चाच्या हिशेबात माध्यमाच्या बिलासोबत चित्रफीत बनवणाऱ्यांचे मानधनही धरावे लागते, ते आम्ही धरले. अंतिम बिलातील दर अर्जातल्या अंदाजापेक्षा बराच वेगळा निघाला होता. तो तसा का, हे तपासणीच्या वेळी कोणीही विचारले नाही.