शेगावच्या वाटेवर एक सही

वडिलांच्या पश्चात आई, धाकटा भाऊ आणि मी अशा तिघांची नावे सातबारावर वारस म्हणून चढली आणि काही महिन्यांतच भावाने हक्कसोड पत्राचा, म्हणजे जमिनीतला माझा वाटा सोडल्याच्या लेखाचा, मसुदा माझ्याकडे पाठवला. गजानन महाराजांच्या प्रगटदिनासाठी नागपूरहून शेगावच्या पायी वारीला निघाले तेव्हा तो कागद पिशवीत, हरिपाठाच्या पुस्तिकेखाली होता. महाराजांच्या समाधीपुढे उभे राहण्याआधी सही करायची की नाही हे ठरवायचे, एवढे मनाशी पक्के होते.

वाडी, बाजारगाव मागे पडले आणि कोंढाळीच्या परिसरात मृग बहाराची संत्री झाडांवर दिसू लागली. आमचा बगीचा याच भागात आहे. भावाची अडचण खरी होती. पीककर्जासाठी दर वेळी सर्व सहखातेदारांच्या सह्या लागतात आणि मी राहते नागपुरात. लग्नात माझ्यावर झालेल्या खर्चाचा विषय त्याने कधी काढला नाही, तो काकांनी काढला. कायदा मला ठाऊक होता. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क दिला, आणि तो जन्मापासूनच असतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र वाटा आहे एवढेच कायदा सांगतो. तो ठेवावा की सोडावा हे मलाच ठरवायचे होते, आणि एकदा नोंदणी झालेले हक्कसोड पत्र मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही.

पुढचे दिवस एकमेकांत मिसळून गेले आहेत. पहाटेचा काकडा, ट्रकांच्या धुरात 'गण गण गणात बोते'चा गजर, शाळेच्या वर्गात सतरंज्यांवर झोप. दिंडीच्या गाडीवरील कर्ण्याचा मला मनस्वी त्रास होत असे, कारण टाळ एका लयीत आणि कर्णा दुसऱ्याच लयीत चाले, आणि तो बंद करा असे सांगण्याचे धाडस कोणी करत नसे. मोझरीला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या समाधीजवळ सामुदायिक प्रार्थना झाली. त्याआधी तिवशाजवळ बायकांनी कौंडण्यपूरच्या दिशेने हात जोडले. रुक्मिणीचे माहेर ते. भावाने ठरवलेला वर नाकारून तिने स्वतः कृष्णाला पत्र धाडले होते. सगळ्या तिची गाणी गात होत्या, आणि भावाचा शब्द मोडणाऱ्या त्या लेकीला आपण इतक्या मायेने गातो, हे त्या दिवशी मला प्रथमच जाणवले.

बडनेरा ओलांडल्यावरच्या दुपारी माझ्या उजव्या टाचेचा फोड इतका वाढला की दिंडी पुढे निघून गेली आणि मी बांधावरच्या बाभळीखाली बसून राहिले. शेजारच्या शेतात हरभऱ्याची सोंगणी चालू होती. एक वयस्क बाई विळा खाली ठेवून आली. "पाय दे वं माय इकडे," म्हणत तिने माझी टाच स्वतःच्या मांडीवर घेतली, काडी ओढून सुई तापवली आणि दोरा फोडातून आरपार नेला. "दोरा तसाच राहू दे, पानी निंघून जाईन." मग डब्यातली भाकर आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला. सोंगणी गुत्त्याची होती, म्हणजे जितके काम तितकीच मजुरी; ती माझ्याजवळ बसली तितका वेळ तिची मजुरी बुडत होती. मी पैसे पुढे केले तर तिने माझी मूठ मिटवली आणि महाराजांना नमस्कार सांगायला सांगितले.

तेवढ्यात मुकादम ओळी मोजत आला. "माह्या सा ओळी झाल्या, पाच नाई. पुन्हा मोज भाऊ," असे ती जागेवरूनच म्हणाली. आवाज चढला नव्हता आणि माझा पायही तिने सोडला नव्हता. मुकादमाने पुन्हा मोजले. ओळी सहाच निघाल्या.

लंगडत दिंडी गाठेपर्यंत मी त्या एका ओळीचाच विचार करत होते. वाटा सोडण्याला मी इतके दिवस मनाचा मोठेपणा समजत होते. पण भावाने भाऊबीजेला बोलावले नाही तर, आईला काका बोलले तर, ही धास्ती बाजूला ठेवली असता त्या मोठेपणात काहीच उरत नव्हते. भावाला जमीन द्यावीशी मला कधी वाटलीच, तर ती मी न भिता देईन. माझ्या मुलीने उद्या मला विचारले तर ज्याचे कारण तिच्या डोळ्यांत पाहून सांगता येणार नाही, अशी सही मला करायची नव्हती.

मूर्तिजापूर आणि अकोला केवळ पायांनी पार केले. शेगावी दर्शनबारीत दोन बायका रांगेवरून कडाडून भांडल्या, मलाही राग आला, आणि समाधीपुढे येताच सर्वांसह मीही रडले. त्या बाईचा नमस्कार आधी सांगितला.

संध्याकाळी भावाला फोन केला. "सही करणार नाही. शेत तूच कसायचे, उत्पन्नाचे आपण बसून ठरवू. माझे नाव मात्र सातबारावर राहील. कर्जाच्या कागदांसाठी बोलावशील तेव्हा मी येईन."

"ताई, काकांना काय सांगू?"

"काकांशी मी बोलते."

तो बराच वेळ बोलला नाही. मग त्याने एप्रिलमध्ये बँकेत कधी जायचे ती तारीख सांगितली. त्याच दिवशी मी काकांकडेही जाणार आहे.