गोळ्यांची पिशवी घेऊन बांबोळीला

रेडिएशन संपलं की लोक अभिनंदन करतात आणि गोळ्यांची बाटली देतात. माझ्या प्रोस्टेटच्या कॅन्सरनंतर तसंच झालं. चवथीला गावच्या घरी सगळे जमले, तेव्हा कुवेतहून आलेल्या पुतण्याने "काका, हे खास पुरुषांसाठी" म्हणत मल्टिव्हिटॅमिनचा मोठा डबा हातात ठेवला. मुलीने माशाच्या तेलाच्या कॅप्सूल पाठवल्या होत्या. मेहुण्याने सावंतवाडीच्या वैद्यांचं चूर्ण आणलं. व्हिटॅमिन ई कुणी दिलं ते आता आठवत नाही. नाही म्हणणार कुणाला? शिवाय एका पीएसएपासून (प्रोस्टेटवर लक्ष ठेवणारी रक्ततपासणी) दुसऱ्या पीएसएपर्यंत नुसतं हातावर हात ठेवून बसवत नाही. गोळी गिळली की आपणही काही करतोय असं वाटतं.

बांबोळीच्या इस्पितळात तपासणीच्या वेळी हा विषय मीच काढला. डॉक्टर म्हणाले, "नावं सांगू नका, बाटल्याच घेऊन या. मागचं लेबल मला बघायचंय."

आदल्या रात्री मी आणि बायको वही घेऊन बसलो. ती भिंग धरून वाचायची, मी लिहायचो. हे काम सोपं नाही. कॅल्शियमच्या गोळीवर मोठ्या अक्षरांत १२५० मिलिग्रॅम, पण ते कॅल्शियम कार्बोनेटचं वजन. त्यातलं खरं कॅल्शियम ५००. व्हिटॅमिन डी तर तीन ठिकाणी निघालं: कॅल्शियमच्या गोळीत, पुतण्याच्या डब्यात आणि आठवड्याला घ्यायच्या ६०,००० युनिटच्या पाकिटात. ते पाकीट एकटंच रोजच्या साडेआठ हजार युनिटांच्या घरात जातं. "अहो, म्हणजे एकच औषध तीन दुकानांतून घेतल्यासारखं झालं," बायको म्हणाली. इथल्या डब्यांवर 'औषधी वापरासाठी नाही' असं इंग्रजीत छापलेलंही तेव्हाच नीट वाचलं.

डॉक्टरांनी वही पुढे ओढली आणि पहिली रेघ व्हिटॅमिन ईवर मारली. अमेरिकेत २००१मध्ये ३५ हजारांहून जास्त निरोगी पुरुषांवर मोठा अभ्यास सुरू झाला होता. व्हिटॅमिन ई आणि सेलेनियमने प्रोस्टेटचा कॅन्सर टळतो का, हे बघायला. २०११मध्ये आलेला हिशेब उलटाच होता: रोज ४०० युनिट ई घेणाऱ्यांत हा कॅन्सर १७ टक्क्यांनी जास्त आढळला. माझ्या कॅप्सूलवरही ४००च लिहिलेलं. "ते निरोगी होते, तुम्ही रुग्ण आहात, म्हणून तोच आकडा तुम्हाला लावता येणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण फायदा दिसत नसताना घ्यायचं कशाला?"

पुतण्याच्या डब्यात सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम, भरीला अश्वगंधा आणि 'पौरुष वाढवणारं' मिश्रण. त्यावर डॉक्टर हसले. कॅन्सरसाठी इंजेक्शन देऊन टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन खाली आणायचं आणि वर ते वाढवण्याचा दावा करणारी गोळी खायची! त्याच डब्यात बायोटिनही भरपूर होतं. केसांच्या गोळ्यांत असतं ते. रक्तात ते जास्त असलं तर काही यंत्रांवर पीएसएचा आकडा खोटाच कमी येऊ शकतो. मला हे सगळ्यात जास्त लागलं. ज्या आकड्यावर आमचा जीव टांगलेला, तोच फसवा निघाला तर?

माशाच्या तेलावर ते एवढंच म्हणाले, "बांगडा खाता ना? मग हे कशाला?" मला हृदयासाठी रक्त पातळ ठेवणारी अ‍ॅस्पिरिन चालू आहे, तेही त्यांनी लक्षात घेतलं.

कॅल्शियम आणि डी मात्र ठेवलं, कारण हार्मोनच्या इंजेक्शनने हाडं झिजतात. पण हिशेबाने: जेवणातलं धरून दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम. नाचणीची आंबील, दही, बारीक सुकी मासळी यांतून बरंच येतं, म्हणून आता एकच गोळी, जेवणानंतर. पाकीट थांबवून रक्तातलं डी तपासलं आणि पुढचं त्यावरून ठरवलं.

राहिलं चूर्ण. "वनस्पतीचंच आहे," मी म्हटलं. तेव्हा डॉक्टरांनी अमेरिकेतल्या एका वनौषधी कॅप्सूलची गोष्ट सांगितली. ती घेऊन रुग्णांचा पीएसए खरंच उतरायचा. २००२मध्ये ती बाजारातून मागे घेतली, कारण तपासणीत तिच्यात रक्त पातळ करणारं वॉरफरिन आणि कृत्रिम इस्ट्रोजेन सापडलं होतं. या चूर्णातही तसंच असेल असं ते म्हणाले नाहीत. आत काय आहे ते कळल्याशिवाय हो म्हणणार नाही, एवढंच.

मेहुण्याला हे सांगणं पुतण्याला सांगण्यापेक्षा अवघड गेलं. आधी तो फुगला, मग वैद्यांकडून घटक लिहून आणतो म्हणाला. कागद आला की फाइलला लावून बांबोळीला नेणार आहे. तोवर चूर्ण बंद.