तिसरा प्रश्न

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या सेंटरला कागलहून सव्वाचार वर्षांचा एक मुलगा यायचा. स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं, निदान आधीच झालेलं, बोलणं जवळपास नाहीच. त्या गुरुवारी आईला बसता बसताच रडू फुटलं. तीन आठवडे झाले, चावतोय, स्वतःच्याच गालावर थापडा मारून घेतोय, रात्रभर घरात कुणाला झोप नाही.

मी एसडीक्यू काढली. मुलांच्या भावनिक आणि वागणुकीच्या अडचणी चाळून बघायची ही २५ प्रश्नांची प्रश्नावली. प्रत्येक उत्तराला ०, १ किंवा २ गुण. निदान त्यातून होत नाही, पुढं नीट तपासायला हवं का एवढंच कळतं. स्वमग्न मुलांत भीती, चिंता, अतिचंचलता पुष्कळदा सोबतीला असतात आणि ‘ऑटिझमच आहे, असंच वागणार’ म्हणून राहून जातात. हे मी पालकांना कायम ऐकवत असते.

दुसरा प्रश्न, अस्वस्थ, एका जागी फार वेळ थांबत नाही: २. तिसरा, डोकं-पोट दुखतंय अशी तक्रार वारंवार करतो का? आई म्हणाली, "नाही." मी ० मांडला आणि चौथ्यावर गेले.

"तक्रार कराय त्येला बोलाय येतंय व्हय, बाई?" मागनं आजी म्हणाल्या. तोवर त्या पिशवी मांडीवर घेऊन गप्प बसल्या होत्या.

इतकी वर्षं हा प्रश्न विचारतेय, पण न बोलणाऱ्या पोराला तो लागू कसा पडणार, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. पेन खाली ठेवलं. म्हटलं, तुम्हाला काय दिसतं ते सांगा.

"गार फरशीला गाल लावून पडतंय. डावाच. आन् भाकरी कुस्करून दिली तरी उजवीकडनंच चघळतंय."

तेव्हाही तो कपाटापाशी तसाच पडला होता. डावा गाल फरशीला. दोन आठवड्यांपूर्वी हेच बघून मी फाईलमध्ये लिहिलं होतं, ‘स्पर्शाची संवेदी गरज’, म्हणजे असा स्पर्श त्याला हवाहवासा वाटतो. स्वतःच्याच अक्षरात.

दातांच्या डॉक्टरांना डाव्या बाजूच्या दोन दुधाच्या दाढा किडलेल्या सापडल्या, एकीच्या मुळाशी पू. भूल देऊन उपचार करावे लागले.

दीड महिन्यानं पुन्हा प्रश्न विचारले, आता फक्त गेल्या महिन्यापुरते. चावणं थांबलेलं, झोप लागायला लागलेली. पण चोविसावा, बऱ्याच गोष्टींना घाबरतो, तो २ चा २ च राहिला. कुकरची शिट्टी, उसाच्या ट्रॅक्टरवरची गाणी. ही भीती दाढेची नव्हती. आधीपासूनच होती, आरडाओरड्यात दबून गेलेली.

आता मोबाईलवर शिट्टीचा आवाज अगदी बारीक करून ऐकवतोय, त्याच्या कलानं. आजींनी मात्र कुकर केव्हाच माळ्यावर टाकलाय, भात पातेल्यात शिजतो. तो कुकर खाली काढायला त्यांना अजून पटवायचंय.