हे नाव कुठून घेतलंस?

जानेवारीत एका अनोळखी माणसाने मला एका ओळीचा प्रश्न विचारला आणि दोन दिवस तो डोक्यातून जाईना. प्रश्न साधाच, 'या गल्ल्यांची नावं कुठून घेतली?' इंग्लिशमध्ये तू आहे की तुम्ही ते कळत नाही, त्यामुळे मी तो 'कुठून घेतलीस गं' असाच वाचला आणि भडकले.

झालं होतं असं की ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे कुणीही भर घालू शकतो त्या मोफत नकाशावर, आमच्या भागातल्या अकरा गल्ल्या बिननावाच्या होत्या. मी एका संध्याकाळी बसून दुसऱ्या एका मोठ्या कंपनीचा नकाशा शेजारच्या खिडकीत उघडला आणि अकराही नावं बघून बघून टाईप केली. चांगलं काम केलं असंच वाटत होतं. आणि तिसऱ्या दिवशी हा प्रश्न. पहिला विचार काय आला ते खरं सांगते, माझं नाव परदेशी दिसलं म्हणून विचारतोय. इथे ब्रिटनमध्ये राहून तो विचार इतका हाताशी असतो की दुसरं काही सुचायच्या आत तोच येतो. मग मी त्या माणसाच्या जुन्या कॉमेंट वाचत बसले, तर तो सगळ्यांनाच हे विचारतो, अगदी इथल्याच जुन्या लोकांनाही, आणि प्रत्येक वेळी तितक्याच शांतपणे. माझा राग तिथेच उतरला. उत्तरात मी खरं ते लिहिलं, त्याने आभार मानले, आणि म्हणाला की कॉपी केलेलं काढून टाकायला लागेल, पण तुम्ही जवळच राहता ना, मग जाऊन पाट्या वाचून आलात तर तीच नावं परत टाकता येतील.

म्हणजे जे मला घरबसल्या दहा मिनिटांत दिसत होतं तेच चालत जाऊन बघून यायचं. तेव्हा मला हा नियम म्हणजे निव्वळ हट्ट वाटला होता.

पण हा सगळा प्रकल्प त्या हट्टावरच उभा आहे. २००४ मध्ये स्टीव्ह कोस्टने तो याच देशात सुरू केला, कारण इथल्या सरकारी ऑर्डनन्स सर्व्हेचे नकाशे उत्तम होते पण कॉपीराइटमधले आणि पैसे मोजून घ्यायचे. तेव्हा घरं-गल्ल्या दिसतील असे उपग्रहाचे फोटोही वापरायला मिळत नव्हते, लोक जीपीएस घेऊन चालायचे, सायकल मारायचे आणि आपण जिथून गेलो ती रेघ नकाशावर रस्ता म्हणून काढायचे. २०१२ मध्ये या नकाशाचं लायसन्स, म्हणजे तो कुणी कसा वापरायचा याच्या अटी, बदलल्या तेव्हा ज्यांनी होकार दिला नाही त्यांचं काम नकाशावरून उतरवलं, इतके हे लोक याबाबतीत कडक आहेत. शिवाय नकाशे विकणारे कधी कधी चोर पकडायला मुद्दाम एखादी खोटी गल्ली घालून ठेवतात, तीही कॉपीबरोबर येते.

तर मी एक जीपीएस लॉगर घेतला. फोनवरही हे होतं, त्याची मोफत ॲप आहेत, पण दोन-अडीच तास भटकायचं, फोटो काढायचे आणि रस्ताही नोंदवायचा म्हटलं की फोन दमतो. लॉगर म्हणजे काडेपेटीएवढा डबा, स्क्रीन नाही, दोन-तीन दिवे आणि एक बटण. दर सेकंदाला किंवा दर पाच मीटरला आपण सांगू तसं अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ लिहून ठेवतो, बास. मी तो खिशात टाकायचे आणि रेघ वेडीवाकडी यायची. आता बॅगेच्या पट्ट्यावर, खांद्यावर लावते, आकाश दिसलं पाहिजे त्याला. चार उपग्रह लागतात, तीन जागेसाठी आणि चौथा अशासाठी की लॉगरचं स्वतःचं घड्याळ उपग्रहाच्या घड्याळाइतकं पक्कं नसतं, ती चूकही गणितात काढावी लागते. आणि बटण दाबल्या दाबल्या निघायचं नाही. प्रत्येक उपग्रह आपली कक्षा दर तीस सेकंदांनी परत परत सांगत असतो, तो निरोप पूर्ण मिळेपर्यंत मोकळ्यात एक-दोन मिनिटं उभं राहायचं. अरुंद गल्लीत सिग्नल भिंतींवर आपटून येतो, मग आपण सरळ चाललेलो असतो आणि रेघ घरांमधून गेलेली दिसते, म्हणून मी अशा गल्लीत जाते आणि येतेही, वेगवेगळ्या दिवशी, म्हणजे चार-पाच रेघांच्या मधली खरी मानता येते. घरी आल्यावर जीपीएसबेबल नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने लॉगरची फाईल जीपीएक्समध्ये, म्हणजे अशा रेघांच्या नेहमीच्या फाईलमध्ये, काढायची आणि ती जोसममध्ये, म्हणजे या नकाशात भर घालायच्या प्रोग्रॅममध्ये, उघडायची. उपग्रहाचे फोटो आता मागे लावायला मिळतात हे खरं, पण ते कधी कधी काही मीटर सरकलेले असतात आणि झाडीखालची पायवाट त्यांत दिसतच नाही. ती वाट चालणाऱ्यालाच माहीत.

आता घड्याळाबद्दल लिहू दे, कारण त्याने मला फार छळलंय. पाट्यांचे फोटो मी काढते, जोसम फोटोची वेळ आणि लॉगरची वेळ जुळवून प्रत्येक फोटो नकाशावर त्याच्या जागी ठेवतं. फेब्रुवारीत सगळं चोख बसलं. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथे सगळी घड्याळं तासभर पुढे करतात, मीही घरातली केली आणि त्याबरोबर कॅमेऱ्याचंही केलं, लक्षात ठेवून केलं याचं मला बरंही वाटलं. पुढच्या फेरीचे सगळे फोटो चुकले. पहिल्या गल्लीची पाटी मी तासाभराने जिथे होते तिथे जाऊन बसली, आणि शेवटच्या तासातले फोटो तर नकाशावर आलेच नाहीत. मी लॉगरला दोष दिला, कार्ड बदललं, सॉफ्टवेअर परत टाकलं, दोन संध्याकाळी गेल्या. लॉगर यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेत, लिहितो आणि हिवाळ्यात इथली वेळ नेमकी यूटीसीच असते, म्हणून इतके दिवस मला तो फरक कधी दिसलाच नव्हता. आपल्याकडे साडेपाच तास म्हणजे साडेपाच तास, बारा महिने. तिथे असते तर पहिल्याच दिवशी कळलं असतं! ज्या देशातून जगाचं घड्याळ मोजायला सुरुवात होते त्याच देशाने अर्धं वर्ष ते हलवून ठेवावं हे मला अजून पटत नाही. उपाय सोपा निघाला, जोसमला एक तासाचा फरक सांगायचा. आता मी कॅमेरा कायम यूटीसीवरच ठेवते आणि निघताना पहिला फोटो फोनवरच्या सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचा काढते, म्हणजे दहा-बारा सेकंदांची चूकसुद्धा धरता येते.

हे मी कौतुकाने सांगितलं की काही जण म्हणतात, बघ, तिकडच्यांना असल्या गोष्टींची किंमत आहे, आपण सगळं कॉपी करतो. मला हे चालत नाही. अचूक नकाशे आपल्याकडे सामान्य माणसाच्या हातात फार वर्षं नव्हतेच, सरकारने नियम मोकळे केले ते फेब्रुवारी २०२१ मध्ये. आणि चालून नकाशा करणं आपल्याला कुणी शिकवायचं? नैनसिंग रावत १८६५-६६ मध्ये तिबेटातल्या ल्हासाला गेले ते पावलं मोजत, एका मैलाला दोन हजार पावलं, मोजायला जपमाळ, तिच्यात १०८ च्या जागी १०० मणी, शंभर पावलांना एक मणी सरकवायचा. काम ब्रिटिशांच्या सर्व्हेचं होतं, पण पाय आपल्या माणसाचे होते. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिलं. लॉगरचा दिवा दर सेकंदाला लुकलुकतो तेव्हा मला ती माळ आठवते. फक्त त्यांना चूक परवडणारी नव्हती, मी परत जाऊन चालू शकते.

अकरा गल्ल्या मी पाच फेऱ्यांत केल्या. नऊ नावं कंपनीच्या नकाशासारखीच निघाली. एका पाटीवर स्पेलिंग वेगळं होतं, आणि पाटीवरचंच खरं, मी आधी चुकीचं लिहिलं होतं. अकराव्या गल्लीला पाटीच नव्हती. दोन वेळा गेले, दोन्ही टोकं बघितली. त्या माणसाला लिहिलं तर तो म्हणाला, नसेल तर रिकामं ठेवा, किंवा तिथे राहणाऱ्या कुणाला तरी विचारा, तेही चालतं.

हे चालतं, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं. पत्ता विचारत विचारत जाणं हे काय मला नवीन आहे? पण इथे येऊन इतकी वर्षं झाली, मी रस्त्यात अनोळखी माणसाला कधी थांबवलेलं नव्हतं, सगळे फोनमध्ये बघतात तशी मीही बघते. त्या रविवारी गेले तर एक आजी कुंपणाशी झाड छाटत होत्या. मी लॉगर दाखवला, नकाशाचं सांगितलं आणि विचारलं. त्यांनी कात्री खाली ठेवली आणि जे नाव सांगितलं ते कंपनीच्या नकाशावरचं नव्हतंच. चाळीस वर्षं इथे राहते, म्हणाल्या, आम्ही सगळे हेच म्हणतो, आणि मग स्पेलिंग सांगायला लागल्या, मी एकेक अक्षर परत म्हणून दाखवलं.

घरी येऊन ते नाव टाकलं. सोर्सच्या रकान्यात लिहिलं, तिथे राहणाऱ्या बाईंना विचारून.