सकाळी गुणगुणणारा मॉनिटर

"सकाळी घुंघुं करतो काका, आणि बाराच्या पुढे आपोआप गप्प होतो."

तक्रार इतकी नेमकी सांगणारं गिऱ्हाईक क्वचित मिळतं. बहुतेक जण ‘आवाज बरोबर येत नाही’ एवढंच बोलून पिशवी काउंटरवर ठेवतात. हा मुलगा पंचविशीचा. धनकवडीत राहत्या खोलीतच रेकॉर्डिंगचा सेटअप टाकलेला, अभंग-हरिपाठाची कामं घेणारा. मॉनिटर म्हणजे मिक्सिंग करताना ऐकायचे स्पीकर. याचे पाच इंची वूफरचे (खालच्या सुरांचा मोठा स्पीकर), अँप्लिफायर आतच असलेले, स्वस्तातल्या रांगेतले. जोडी घेऊन आला होता. एक ॲक्टिव्हावर पायाशी, दुसरा पाठीवरच्या सॅकमध्ये. बिघडलेला एकच, पण तुलनेला दुसरा लागेल म्हणून तोही आणलेला. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरने अख्खा बोर्ड बदला म्हणून सांगितलं होतं आणि बोर्डाची किंमत नव्या मॉनिटरच्या आसपास जात होती.

"आत असतं तरी काय एवढं?" त्याने विचारलं. दुपारची वेळ, दुकानात दुसरं कोणी नव्हतं. म्हटलं, ओढ स्टूल आणि बस, दाखवतो.

उघडण्याआधी एक काम असतं. इनपुटची वायर काढली, आवाजाचं बटण पार शून्यावर आणलं. घुंघुं जशीच्या तशी. म्हणजे दोष बटणाच्या पुढे कुठेतरी. केबल, साउंड कार्ड, घरातलं अर्थिंग, ही नेहमीची संशयित मंडळी एका फटक्यात सुटली. आवाजही ओळखीचा होता. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, एसीची डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून गेली की तिची लहर १०० हर्ट्झची होते. नुसता ट्रान्सफॉर्मर थरथरत असेल तर आवाज खोक्यातून येतो. इथे वूफरमधून येत होता. म्हणजे सप्लायची लहर गाळली न जाता आवाजाच्या वाटेत शिरली होती.

पाठीमागच्या पत्र्याचे स्क्रू काढले. खोकं एमडीएफचं, म्हणजे दाबलेल्या भुशाच्या फळीचं, आणि एमडीएफमध्ये स्क्रू एकदा फिरका झाला की झाला. म्हणून परत लावताना तो आधी उलटा फिरवायचा, जुन्या आट्यात टक्‌कन बसल्याचं बोटाला जाणवलं की मगच सुलटा आवळायचा. पत्र्याखाली फोमची पट्टी असते. ती फाटली की खोक्यातली हवा फटीतून निसटते आणि बेसच्या सुरावर शिट्टी वाजते. ही शाबूत होती.

पत्रा अलगद बाहेर ओढला तर वायरींना लटकलेलं सगळं दुकान समोर आलं. मुलगा हात पुढे करणार, तेवढ्यात त्याला थांबवलं. वीज साठवून सप्लायची लहर गाळणारे ४७०० मायक्रोफॅरडचे दोन मोठे कपॅसिटर होते. प्लग काढला तरी त्यांच्यात चार्ज राहू शकतो. काही जण पेचकस टेकवून ठिणगी काढतात, मला ते अजिबात पटत नाही. १०० ओमचा पाच वॅटचा रेझिस्टर दोन टोकांना धरायचा, मीटरवर व्होल्टेज शून्यावर आलेलं बघायचं, मग हात घालायचा.

आतला माल बघून तो जरा खट्टूच झाला. एवढंसंच? मी मात्र उलट खूश होतो. वूफरला टीडीए ७२९४, वरच्या सुरांच्या चिमुकल्या ट्वीटरला एलएम १८७५, म्हणजे दोघांना स्वतंत्र अँप्लिफायर. कित्येक स्वस्त जोड्यांत एकाच डब्यात अँप्लिफायर असतो, दुसरा डबा नुसता स्पीकर, आणि ट्वीटरच्या वायरीत एखादा कपॅसिटर टाकला की झाला क्रॉसओव्हर. इथे तसं नव्हतं. क्रॉसओव्हर, म्हणजे खालच्या आणि वरच्या सुरांची विभागणी, अँप्लिफायरच्या आधीच होत होती, ४५५८ जातीच्या चिमुकल्या आयसींची रांग त्यासाठीच होती. हीटसिंकखाली अभ्रकाचे तुकडेही व्यवस्थित बसवलेले. या दोन्ही आयसींची धातूची पाठ ऋण सप्लायला जोडलेली असते. अभ्रक विसरलात आणि पत्रा अर्थ असला की थेट शॉर्ट.

"पण मागे तर ७० वॅट लिहिलंय."

मग कागदावर हिशोब मांडला. सप्लाय अधिक-उणे २५ व्होल्ट. जोरात वाजवला की तो २२ च्या आसपास उतरणार. तीनेक व्होल्ट आयसी स्वतः खाणार. उरले १९. त्याचा वर्ग ३६१, भागिले सहा ओमच्या वूफरची दुप्पट म्हणजे १२. आले ३० वॅट. ट्वीटरच्या आयसीचे फार तर २०. म्हणजे पन्नास धर. ७० हा क्षणभराच्या उसळीचा आकडा, खोक्यावर छापायला बरा दिसतो. बंद खोलीत हातभर अंतरावर ऐकणाऱ्याला तीस वॅट डोक्यावरून पाणी आहेत, त्यामुळे त्यात मला फारसं वावगं वाटत नाही.

ट्वीटरपाशी तो पुन्हा अडला. लाल वायर खुणेच्या टर्मिनलला नाही, दुसऱ्याच टर्मिनलला होती. "उलटं लावलंय ना हे?" नजर तेज होती पोराची. पण ते उलटं मुद्दाम लावलेलं असतं. या जातीच्या क्रॉसओव्हरमध्ये दोघांच्या सांध्यावर वूफर आणि ट्वीटर एकमेकांच्या बरोबर विरुद्ध हलतात, एक पुढे तर एक मागे, आणि नेमके त्या जागचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणून एकाच्या वायरी फिरवायच्या. हौसेने उघडून ‘चूक दुरुस्त’ केलेले स्पीकर माझ्याकडे आलेले आहेत. गायकाचा आवाज त्यांत मधूनच पोकळ झालेला असतो आणि कारण कोणाला सापडत नाही.

आता मूळ दुखणं. अँप्लिफायर आयसीचं इनपुट तात्पुरतं ग्राउंड केलं, घुंघुं बंद. म्हणजे मोठे कपॅसिटर, रेक्टिफायर, आयसी, सगळे निर्दोष. उरली ती ४५५८ ची रांग आणि तिचा सप्लाय. त्या आयसींना १५ व्होल्ट लागतात, आहेत २५. मधले दहा व्होल्ट उतरवायला रेग्युलेटर घालता आला असता. इथे घातला होता एक रेझिस्टर आणि व्होल्टेज ठरावीक आकड्यावर धरून ठेवणारा एक झेनर डायोड, दोन्ही बाजूंना एकेक जोडी. रेझिस्टर २२० ओमचा, अर्ध्या वॅटचा. दहा व्होल्ट त्यावर पडले की जवळपास ०.४५ वॅट उष्णता. अर्ध्या वॅटच्या तुकड्यावर ०.४५, तेही मॉनिटर चालू असेल तितका वेळ, गाणं वाजो न वाजो. आणि या तापत्या चौकडीच्या अगदी कुशीत, बोट शिरणार नाही इतक्या जवळ, सप्लाय गाळणारे १०० मायक्रोफॅरडचे दोन कपॅसिटर. त्यांच्यावर छापलेलं होतं ८५ डिग्री.

"बंद करतोस का रात्री?"

"नाही. सकाळी उठलं की लगेच काम सुरू करता यावं म्हणून..."

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ढोबळ नियम असा, की तापमान दहा डिग्रीने उतरलं की आयुष्य दुप्पट. ८५ डिग्रीला दोन हजार तासांचा माल ६५ ला आठ हजार तास जगेल. वर्षाचे तास ८,७६०. रात्रंदिवस चालू ठेवलेल्या मॉनिटरचं गणित तिथेच संपतं. काढून मीटरला लावले तर एक १०० च्या जागी ११ दाखवत होता, दुसरा त्याहून कमी. वाळलेला कपॅसिटर गार असताना जास्त नाठाळ असतो, तापला की थोडाफार काम करतो. मॉनिटर चालू असला तरी रात्रभर काही न वाजवता गार खोलीत असतो, म्हणून सकाळी घुंघुं, दुपारी शांत. माझ्याकडे दुपारीही घुंघुं करत होता, कारण वाटेत गार झाला होता.

एवढ्यावर थांबता आलं असतं, पण कपॅसिटरच्या बुडाशी मला दुसरंच काही दिसलं. कारखान्यात मोठे भाग हलू नयेत म्हणून बोर्डावर पिवळट गोंद ओततात. लांबच्या कपॅसिटरखाली तो पिवळाच होता. झेनरजवळ तो करपलेल्या गुळासारखा काळपट, कडक झालेला. मीटर मेगाओमवर ठेवून दोन्ही प्रोब पिवळ्या गोंदात टोचले. काही नाही, ओपन. तेच काळ्यात टोचले आणि आकडा आला, चारशे किलोओमच्या आसपास. मुलाने स्वतः प्रोब हातात घेऊन परत टोचून बघितलं. जी वस्तू नुसती चिकटवायला घातली होती तीच वीज वाहत होती, आणि तिच्याखालून क्रॉसओव्हरची सिग्नलची पट्टी जात होती. त्या गोंदात रुतलेल्या झेनरचा एक पाय हिरवा पडून अर्धा झिजलाही होता. पावसाळ्यात मधेच चटचट ऐकू यायची का, विचारलं. यायची म्हणाला, त्याला वाटायचं माइकची केबल.

हे सर्किट ज्याने काढलं त्याला काम येत होतं. क्रॉसओव्हर नीट, आयसी नीट, अभ्रक नीट. मग रेग्युलेटरचे दोन तुकडे कोणी वाचवले, आणि गरम भागांना चिकटून कपॅसिटर कोणी ठेवले? बोर्ड दोन सेंटिमीटर मोठा करायला नको म्हणून असेल. माझ्या टेबलावर येणाऱ्या स्वस्त सामानात हे वारंवार दिसतं. महागाचे भाग बघून घेतलेले असतात, गळफास लागतो चार-पाच रुपयांच्या तुकड्यापाशी.

काळा गोंद काढणं हे वेळखाऊ काम. स्क्रूड्रायव्हरने खरवडला तर पट्टी उचलली जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून मऊ होऊ द्यायचा आणि बांबूच्या काडीने थोडा थोडा सोलायचा. तोवर पोराला इलेक्ट्रॉनिक सुटे भाग मिळतात त्या तपकीर गल्लीत पिटाळलं: १०५ डिग्रीचे कपॅसिटर, एक वॅटचे झेनर, दोन वॅटचे रेझिस्टर. आयसी आणू नकोस म्हणून बजावलं; एक तर त्या चांगल्या होत्या, आणि वरचा नंबर पुसून दुसरा छापलेला टीडीए ७२९४ कधी गळ्यात पडेल सांगता येत नाही. रेझिस्टर बोर्डापासून बोटभर उंच उभे केले, कपॅसिटर पाय वाकवून पलीकडे झुकवले.

चालू करताना वूफर जोडला नाही. आधी ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये. बल्ब भक्कन पेटून मंद झाला, म्हणजे शॉर्ट नाही. आउटपुटला डीसी काही मिलिव्होल्टच. मग वूफर जोडला, कान टेकवला. ट्वीटरमधून बारीक स्सS येतो तेवढाच.

त्याने लॅपटॉप काढून स्वतःचंच काम लावलं, नुकतंच एका भजनी मंडळाला दिलेलं. अभंग सुरू झाला आणि त्याचा चेहरा उतरला. पखवाज नुसता टिकटिकत होता. कणीक लावलेल्या डाव्या बाजूचा तो पोटातला आवाज नव्हताच. त्याने दुसरं गाणं लावलं, तिसरं लावलं. तेच. मग म्हणाला, "काका, मी सगळ्यांत शंभर हर्ट्झच्या आसपासचा आवाज सहा डीबीने कापतो. मला वाटायचं तिथे माझी खोलीच घुमते."

रहदारी सुरू व्हायच्या आत, पहाटे, तो मिक्सिंग करायचा. म्हणजे घुंघुं ऐन भरात असतानाच. मॉनिटरने शंभरावर भर घालायची आणि याने ती पखवाजातून वजा करायची. मंडळातल्या कोणीतरी ‘मृदंग हलका वाटतो’ म्हटलंही होतं. त्याने पखवाज आणखी मोठा केला होता.

दुसरा मॉनिटर उघडला. तिथे गोंद अजून तपकिरीच होता, मीटर काही दाखवत नव्हता, कपॅसिटर मात्र निम्म्यावर आलेले. त्याचेही बदलून टाकले. दोन्हींच्या सुट्या भागांचे मिळून शंभरही झाले नाहीत, बाकी मजुरी. मजुरीवर त्याने घासाघीस केली नाही, रात्री बंद करतो हेही आपणहून सांगितलं.

सॅक भरता भरता त्याने विचारलं, आधी देऊन टाकलेल्या गाण्यांचं काय करू? म्हटलं, फाइली ठेवल्या असशील तर ते सहा डीबी परत दे, पखवाज खाली आण आणि पेनड्राइव्ह पाठवून दे. पैसे मागू नकोस.

"दोन तर जत्रेत वाजूनही झाली," तो म्हणाला.

जत्रेतले कर्णे शंभर हर्ट्झ तसेही वाजवत नाहीत. ती दोन सोडून दे म्हटलं.