कवठाच्या बिया आणि माझी खताची घाई

महाशिवरात्रीला मंडईतनं कवठं आणलेली, चटणी झाली आणि बिया काय टाकवेनात. गर चोळून धुतल्या (गर राहिला की मुंग्या आणि बुरशी दोन्ही येतात), सावलीत वाळवल्या आणि चाळीस पिशव्या भरल्या. अर्धी काळी माती अर्धं शेणखत, कारण आपला हिशोब साधा, खत जास्त तर रोप जोमात.

उगवली बरं का, अडीच-तीन आठवड्यांत बऱ्यापैकी उगवली, पण दोन पानं झाली की बुडापासून पातळ होऊन आडवीच पडायला लागली. एप्रिलचं सोलापूरचं ऊन, म्हटलं उन्हानं गेली असतील, हिरवी नेट बांधली, पाणी वाढवलं, तर अजून गेली. त्यात आपली काळी माती म्हणजे ओली झाली की चिखल आणि वाळली की दगड, पिशवीच्या कडेनं भेग पडते आणि पाणी त्या भेगेतनं सरळ खाली, मुळाला थेंब नाही.

शेवटी गावाकडच्या काकांना एक पिशवी दाखवली. त्यांनी फोडली, वास घेतला आणि म्हणाले, "शेणाचा वास येतोय की रे, मग हे शेणच आहे अजून, खत कुठं झालंय?" कच्चं शेणखत पिशवीतच कुजत बसतं, त्यातनं अमोनिया सुटतो, कोवळी मुळं जळतात, वर बुरशी आणि हुमणीची (मुळं खाणारी अळी) अंडी फुकट.

दुसऱ्या खेपेला दोन घमेली काळी माती, एक घमेलं जाड वाळू, एक घमेलं चाळलेलं गांडूळ खत आणि दोन-तीन मुठी निंबोळी पेंड. पेंड घालून लगेच पेरायचं नाही हे पण काकांचंच, ओलं करून दहा-बारा दिवस झाकून ठेवलं, मधे पांढरी बुरशी आली, हलवलं, गेली. मग आधी एका डब्यात मेथी टाकून बघितली. मेथी चार दिवसांत हिरवीगार आली, पिवळी पडली नाही, तेव्हाच पिशव्या भरल्या. हे मेथीचं सगळ्यात भारी वाटलं मला, पाच रुपयांत लॅब टेस्ट!

उरलेलं कवठाचं बी, चिंचोके (रात्रभर भिजवून) आणि जुलैत जांभळाच्या बिया लावल्या. जांभूळ खाल्लं की आठवड्यात पेरायचं, बी वाळलं की गेलं. एकेका बीतनं दोन-दोन कोंब आले तर मी घरात मिश्रणाचा गाजावाजा करून बसलो, नंतर कळलं जांभूळ तसंच उगवतं, खताचा काही संबंध नाही.

बोअरच्या पाण्यानं मातीवर क्षारांचा पांढरा थर धरतो तो पावसाचं पाणी मिळालं की धुऊन काढतो. आणि कवठाला आता लिंबाच्या फुलपाखराच्या अळ्या, लहान असताना चिमणीच्या शिटेसारख्या दिसतात म्हणून आधी लक्षातच आलं नाही. त्यामुळे सध्या सकाळचा चहा पिशव्यांपाशीच, एका हातात कप आणि दुसऱ्या हातानं अळ्या वेचणं.