गीझरमधला चुना

आंघोळीचं पाणी कोमट यायला लागलं, तेव्हा गीझरवाल्याला बोलावणं भाग पडलं. त्याने कॉइल बाहेर ओढून माझ्यासमोर धरली. कॉइल कुठली, पांढऱ्या दगडाची कांडीच ती. "काका, बोअरचं पाणी ना?" म्हणत त्याने स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकलं, तशा खपल्या बादलीत टणाटण पडल्या. टाकीच्या तळातून आणखी दोन ओंजळी चुना निघाला. "टाकून देऊ?" "राहू दे," मी म्हटलं. स्वयंपाकघरात हिने कपाळाला हात लावला असणार, ते न बघताही कळलं.

आता हाच ऐवज बघायला गेल्या वर्षी आम्ही किती पैसे घालवले होते! मुलीकडे अमेरिकेत गेलो, तेव्हा जावई यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात घेऊन गेले. तिथल्या उत्तर टोकाला मॅमथ हॉट स्प्रिंग्ज हे गरम पाण्याचे झरे आहेत. गाडीचं दार उघडलं आणि सडक्या अंड्याचा भपकारा आला. ही नाकाला पदर लावून म्हणाली, "एवढ्यासाठी आलो?" मग लाकडी पायवाटेने वर चढलो आणि ही गप्पच झाली.

डोंगरउतारावर एकाखाली एक पांढऱ्या पायऱ्या, प्रत्येक पायरीत उथळ पाणी, आणि काठाला घावनाच्या कडेला सुटते तशी नाजूक जाळी. हा काठ कुणी बांधलेला नाही. जमिनीखालचं गरम पाणी कार्बन डायऑक्साइड पोटात घेऊन चुनखडीतून येतं, येताना चुना विरघळवून आणतं. उघड्यावर आलं की गोटी सोडा फोडावा तसा वायू उडून जातो आणि चुन्याला पाण्यात राहता येत नाही, तो बसतो. काठावरून पाणी पातळ होऊन, फुटत सांडतं, तिथे वायू जास्त भराभर निसटतो. म्हणून काठच आधी वाढतो, आणि वाढला की आत आणखी पाणी अडवतो. आमच्या गीझरमध्ये वायू पळवायचं काम कॉइल करते, एवढाच फरक. बाकी माल तोच. या दगडाला ट्रॅव्हर्टाईन म्हणतात. रोमचं कोलोसियम त्याचंच आहे, आणि आमच्या सोसायटीच्या बिल्डरने लॉबीत चार फरशा लावून त्याचेही वेगळे पैसे घेतलेत.

पण मला भुलवलं ते रंगांनी. इतके दिवस वाटायचं, गंधक, लोखंड असलं काही मिसळून दगडच रंगीत होत असेल. बहुतेक ठिकाणी तसं नसतं. चुना पांढराच. रंग असतो त्यावर वस्ती करून राहिलेल्या सूक्ष्म जिवांचा. झरा उगवतो तिथल्या कढत पाण्यात फिकट, शेवयांसारखे धागे वाहत्या धारेत हलताना दिसले. ते जिवाणूच. सुमारे ७३ अंशांच्या वर उन्हावर जगणाऱ्यांना थारा नाही. पाणी त्याखाली निवलं की पिवळे येतात, मग केशरी, पुढे तपकिरी-हिरवे. म्हणजे रंग बघून पाण्यात बोट न घालता साधारण ताप कळतो. (बोट घालायला सक्त मनाई आहे, हे जावयांनी मला दोनदा सांगितलं.) झऱ्याने वाट बदलली की हे सगळे मरतात आणि मागे राखाडी, भुसभुशीत उतार उरतो. एका जागी तर मेलेल्या झऱ्याचा ११ मीटर उंच सुळकाच उभा आहे.

आपल्या कोकणातल्या तुरळ-राजवाडीच्या उन्हाळ्यांवर, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांवर, लहानपणी खूप डुंबलोय. तिथे वास होता, वाफ होती, पण असल्या पायऱ्या नव्हत्या. खाली काळा कातळ. विरघळवायला चुनखडीच नाही, तर पाणी तरी काय करणार!

गीझर हे नावही एका झऱ्याचंच, आइसलंडमधल्या गेयसिर या उसळत्या कारंज्याचं. हे मी गीझरवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "सहाशे झाले."

एक बरी खपली मी खिडकीत ठेवली. पांढरी, लोखंडाचा जरासा तांबूस डाग. टाकीत उजेडच नाही, केशरी कुठून येणार? संध्याकाळी हिने नळ घासायला घेतलेली लिंबाची फोड तिच्यावर पिळली. फस्सकन फेस आला. "बघ," मी म्हटलं, "वायू सुटला." ही म्हणाली, "खिडकी पुसून घ्या."